एक काडी कमी

सोमवार, ३ मार्च

लेकीचा फोन आला. तिची नवी नोकरी दहा तारखेपासून सुरू. भिंगरीची शाळा दुपारी सुटते आणि लेक घरी पोचणार दिवेलागणीला. मधल्या वेळात माझ्या सात वर्षांच्या नातीने राहायचे कुठे, हा प्रश्न. लेकीच्या मते तीन पर्याय आहेत: आमचे घर, विहीणबाईंचे घर, नाहीतर पाळणाघर. खरे तर पर्याय एकच आहे. उरलेले दोन ती सभ्यता म्हणून मोजते.

तरी म्हणाली, अजून काही ठरलं नाहीये आई. तुझ्याकडे यायचं म्हटलं की भिंगरी कुरकुरते. मागच्या खेपेला तू तिला ब्रशने कोपरापर्यंत हात धुवायला लावलेस.

लावले. मी उभी हयात ऑपरेशन थिएटरची मुख्य सिस्टर होते. मोठमोठे सर्जन माझ्यासमोर कोपरापर्यंत हात धुवून उभे राहत. एकानेही घरी जाऊन आईकडे तक्रार केली नाही.

रविवारी तिघे जेवायला येणार. तेव्हा बघू आणि ठरवू, म्हणाली. भिंगरीला चिकन सॅलड रॅप हवेत. सोपे असतात गं, सहज होतात. आणि आई, तूही जरा सहज राहा ना.

मी सहजच असते. पण ते लोकांना दाखवावे लागते, असे दिसते.

ठराव: रविवारी रॅप करायचे आणि सहज राहायचे. दोन्हींचा सराव उद्यापासून. आठवड्याचा तक्ता करून फ्रिजवर लावला. हे तक्त्यासमोर उभे राहून म्हणाले, सहज राहण्याचं टाइमटेबल? यांना निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली. शिस्त विसरले आहेत.

नात आपल्याकडेच यावी म्हणून मी काही जीव टाकत नाही. फक्त खिडकीजवळची खोली तिच्यासाठी रिकामी केली. टेबल डावीकडे हलवले. मग उजवीकडे. आता पुन्हा डावीकडे हलवून बघते.

मंगळवार, ४ मार्च

सकाळी मोबाइलवर व्हिडिओ पाहिला. पंधरा मिनिटांत सोपे चिकन सॅलड रॅप. करणारी मुलगी हसतमुख. केस मोकळे, बोटांत अंगठ्या. मीठ किती? अंदाजाने. मेयोनीज किती? आवडीप्रमाणे. चिकन किती वेळ उकळायचे? शिजेपर्यंत. ही माझ्या हाताखाली असती तर पहिल्याच दिवशी घरी पाठवली असती. व्हिडिओ पुन्हा पाहिला. अंगठ्या तशाच.

चिकनवाल्याकडे गेले. हाडे काढ, चरबी काढ, पातळ पापुद्रासुद्धा काढ, असे सांगितले. सुरी शेवटची कधी उकळली, ते विचारले. म्हणाला, मॅडम, पुढच्या गल्लीत एक दुकान आहे, तिथे बघा. हजरजबाबी माणूस. चिकन त्याच्याकडूनच घेतले.

संध्याकाळ. चिकन उकळले. शिजले. खात्रीसाठी आणखी उकळले. व्हिडिओत त्या मुलीला काट्याने ओढून धागे काढावे लागतात. माझे आपोआप सुटले. दिसायला थेट कापूस. त्यात मेयोनीज, घट्ट दही, काकडी, कांदा, सफरचंदाचे तुकडे, मिरपूड. रॅपच्या तयार पोळ्यांचे पाकीट मिळते, ते आणले होतेच. पोळीवर सारण ठेवले, गुंडाळले, उचलले. वरचा भाग हातात आला, बाकी सगळे ताटात.

हे म्हणाले, चव आहे. फक्त चमचा दे.

चमचा दिला. याला अपयश म्हणता येणार नाही. पहिल्या चाचणीचा हेतूच मुळी दोष शोधणे हा असतो.

बुधवार, ५ मार्च

व्हिडिओत लेट्यूसची पाने कच्ची घालतात. कच्ची! सकाळी पोटॅशियम परमँगनेटच्या जांभळ्या पाण्यात बुडवली. वेळ पाळली. जरा जास्तच पाळली. पाने बाहेर आली ती तपकिरी, मान टाकलेली. पेशंट असता तर नातेवाइकांना आत बोलावून घेतले असते.

दुपार. विचार केला. दोष सारणात नाही, गुंडाळण्यात आहे. आणि गुंडाळणे हा तर माझा विषय. माणसाच्या कोणत्याही सांध्याला मी बोलता बोलता बँडेज बांधलेले आहे. पोळीच्या लांब पट्ट्या कापल्या. सारण हाताने दाबून लांबट केले. पट्टी तिरकी, प्रत्येक फेरा आधीच्या फेऱ्यावर अर्धा. अतिशय देखणे काम झाले. अशी बांधणी आजकालच्या मुलींना जमत नाही.

हे पाणी प्यायला आले. थांबून बघितले. म्हणाले, याला कुठे लागलंय?

उचलताच सुटले. पोळीला ताण सोसत नाही. माल निकृष्ट आहे.

गुरुवार, ६ मार्च

लेकीचा फोन. काल भिंगरी विहीणबाईंकडे होती. त्यांनी रॅप केले. ठरवून नाही, घरात होते त्याचे. पोरीने पोटभर खाल्ले आणि कोचावरच झोपली.

कोचावर.

हात धुतले होते का, एवढेच विचारले. लेकीने विषय बदलला. मग म्हणाली, आई, त्या रॅप नुसते कागदात गुंडाळतात गं, खालून सुटत नाहीत. तू पण तसंच कर. मी म्हटले, बघते. कागद कोरा होता की छापील, ते विचारले नाही. सहज राहिले. नोंद असावी.

विहीणबाईंविषयी माझ्या मनात काहीही नाही. बाई चांगल्या आहेत. त्यांच्याकडे हात पुसायचे फडके आणि भांडी पुसायचे फडके एकच असते. त्यापलीकडे काही नाही.

कागद मी वापरणार नाही. कागद म्हणजे गुंडाळणे नव्हे, गुंडाळणे न जमल्याची कबुली आहे.

फोन ठेवल्यावर स्वयंपाकघराची फरशी पुसली. मग खिडकीजवळच्या खोलीची. मग टेबल उजवीकडे हलवले. तिथेच बरे दिसते.

रात्रीच्या जेवणाला तिसरी चाचणी. हे ताटाकडे बघून म्हणाले, अजून दोन दिवस असंच चाललं तर पहाटे मी आरवणार.

शुक्रवार, ७ मार्च

तक्त्याप्रमाणे आज सहजपणाची रंगीत तालीम. हे भिंगरी झाले. त्यांना म्हटले, लहान मुलासारखे वागा. सांगायची गरज नव्हती. कोपरे टेबलावर टेकली, पाय खुर्चीवर घेतले, न धुतलेल्या हाताने भांड्यातली काकडी उचलून खाल्ली.

मी एक शब्द बोलले नाही. नुसते पाहिले.

हे म्हणाले, त्यापेक्षा बोल बाई. बघू नकोस.

म्हणजे शब्द जमले, चेहरा राहिला. दुपारी आरशासमोर चेहऱ्याचा सराव केला. ओठ मोकळे, कपाळ मोकळे, नजर मऊ. चांगले जमले. त्याच चेहऱ्याने चहा नेऊन दिला. हे म्हणाले, दाढ दुखतेय का?

यांच्याकडून प्रामाणिक मत मिळण्याची आशा सोडली आहे.

शनिवार, ८ मार्च

प्रश्न सुटला. यांच्यामुळे सुटला, पण यांना ते सांगणार नाही.

दुपारी जेवण झाल्यावर हे नेहमीप्रमाणे खिडकीत बसून दात कोरत होते. मी टोकणारच होते, इतक्यात लक्षात आले. काडी! दात कोरायची काडी! रॅप गुंडाळायचा आणि काडीने टाचायचा. टाका घालावा तसा. इतके दिवस सुचले नाही, कारण मी बँडेजच्या बाजूने विचार करत होते. सर्जरीच्या बाजूने करायला हवा होता.

लगेच चाचणी. रॅप उचलला, हलवला, उलटा धरला. वरून टेबलावर टाकला. सुटला नाही. यांनी उचलून चावा घेतला आणि चक्क चमचा मागितला नाही. चिकनही आज मोजकेच उकळले होते. हे म्हणाले, आज कापूस नाहीये, चिकन आहे. लेट्यूस नुसत्या पाण्याने धुतले. मन घट्ट करून धुतले.

मात्र काडी म्हणजे खेळ नव्हे. लहान मूल खाणार आहे. थिएटरचा नियम साधा होता: आत गेलेली प्रत्येक वस्तू बाहेर आली पाहिजे. पोट शिवण्याआधी गॉझ मोजायचे, सुया मोजायच्या, कात्र्या मोजायच्या. मी ‘मोजणी बरोबर’ म्हटल्याशिवाय माझ्या थिएटरात एकाही सर्जनने शेवटचा टाका घातला नाही. कितीही मोठा असो. घड्याळाकडे बघत उभा राहायचा.

तोच नियम उद्या. काड्या मोजून घ्यायच्या. खाण्याआधी सगळ्यांनी आपापली काडी काढून बशीत ठेवायची. मोजणी झाली की जेवण. मुलांना यात गंमतच वाटेल.

भिंगरीसाठी मुद्दाम नवी उशी आणली. सोमवारपासून लागेल.

रविवार, ९ मार्च. सकाळ

झोप लागली नाही, ती उकाड्यामुळे. पंखा चालू होता, पण उकाडा होता.

एक डझन काड्या मोजून वाटीत काढल्या. दहा रॅप, दोन काड्या राखीव.

स्वयंपाकघरात मी अजूनही थिएटरची हिरवी टोपी घालते. हे म्हणाले, आजच्या दिवस काढ ती. पोरगी दारातूनच परत जाईल. काढली. बघा, किती सहज. टोपी नसल्यामुळे केसांची एक बट सारखी डोळ्यांवर येत होती. दोन्ही हात मेयोनीजचे, आकडा कुठे सापडेना. तात्पुरती सोय केली आणि काम पुढे चालू ठेवले. कामात खंड पडू द्यायचा नसतो.

दहाही रॅप तयार. ताटात एका ओळीत. एकही गळत नाही. इतकी देखणी ओळ त्या अंगठ्यांच्या मुलीने जन्मात बघितली नसेल.

बेल वाजली.

रविवार. दुपार

सुरुवात उत्तम झाली, हे आधी लिहून ठेवते.

भिंगरी बूट घालून आत आली. बोलले नाही. हात नुसते मनगटापर्यंत धुतले. बोलले नाही. कोचावर उडी मारली. बोलले नाही आणि पाहिलेही नाही, छताकडे बघितले. जावई म्हणाले, आई, तब्येत बरी आहे ना? ताट टेबलावर आले तेव्हा भिंगरी म्हणाली, आजी, हे तर भारी दिसतायत! लेक माझ्याकडे बघून हसली. ते हसू मी ओळखते. जवळजवळ ठरलेच होते.

मग मी हसत हसत सांगितले, चला, आपापली काडी काढून बशीत टाका. टाकल्या. ताटात उरलेल्या रॅपच्या मी काढल्या. मोजल्या. दहा. वाटीतल्या राखीव मोजल्या. एक.

पुन्हा मोजल्या. दहा आणि एक.

भिंगरीने रॅप तोंडाजवळ नेला होता. मी म्हटले, थांब. सगळ्यांचे म्हणणे आहे की मी ओरडले. मी कधीच ओरडत नाही. माझे थांब ऐकू जाते, एवढेच.

सगळे रॅप जप्त केले. टेबलावर चादर अंथरली, अभ्यासाचा दिवा खेचून आणला, ग्लोव्ज चढवले. एकेक रॅप उभा चिरला. सारण पसरले, तुकडान् तुकडा चिमट्याने बाजूला केला. पहिल्या दोन रॅपपर्यंत भिंगरीला मजा येत होती. खुर्चीवर चढून विचारत होती, आजी, पेशंट वाचेल ना? पुढे तिला भूक लागली. मग ती रडायला लागली.

जावयांना टेबलाखाली पाठवले. यांना खिसे उलटे करायला लावले आणि तोंड उघडायला लावले. हे म्हणाले, अगं, अजून खायलाच दिलं नाहीस, दात कोरू कशासाठी?

लेक म्हणाली, आई, पाकिटातच एखादी कमी असेल. मी म्हटले, पाकिटाचा प्रश्न नाही, वाटीत मी मोजून काढल्या. तर म्हणाली, मग मोजताना चुकली असशील.

हे वाक्य माझ्या थिएटरात कुणी उच्चारले नसते.

दहाही रॅप उघडून झाले. टेबलावर सारणाचा मोठा ढीग. काडी नाही. नाही म्हणजे सापडली नाही. ढिगाला कुणालाही हात लावू दिला नाही. जावई हळूच म्हणाले, आपण बाहेरच काहीतरी खाऊन घेऊ या का? भिंगरीचे बूट पायातच होते, त्यामुळे त्यांना निघायला वेळ लागला नाही. हेही त्यांच्याबरोबर गेले. मलाही चल म्हणाले. मोजणी अर्धवट टाकून मी कशी जाणार?

दारात लेक म्हणाली, आई, दर वेळी काहीतरी असतंच गं. रागाने नाही म्हणाली. रागाने म्हणाली असती तर मला उत्तर देता आले असते.

रविवार. संध्याकाळ

ढीग पुन्हा तपासला. चादर झटकली. ओट्याखाली झाडले. डस्टबिन उलटा केला.

शेवटी डोक्यावरून पाणी घ्यावे म्हणून अंबाडा सोडला. बाथरूमच्या फरशीवर काहीतरी पडले. अगदी बारीक आवाज.

बारा.

याचा अर्थ स्पष्ट आहे. मोजणी बरोबर होती. मी म्हटले एक कमी आहे, आणि एक कमीच होती. फरक फक्त जागेचा.

लेकीला हे कळवायला फोन लावला. तिने उचलायच्या आत ठेवला. उगाच त्यांच्या जेवणात व्यत्यय नको.

ओट्याजवळ उभ्याने ढिगातले दोन घास खाल्ले. मग आणखी दोन. चांगले झाले होते. मीठ अगदी बरोबर होते. अंदाजाने घातले होते.

सोमवार, १० मार्च

सकाळी लेकीचा मेसेज. भिंगरी विहीणबाईंकडे राहील. फक्त बुधवारी विहीणबाईंना गुडघ्याच्या व्यायामाला जायचे असते, म्हणून बुधवारची दुपार आमच्याकडे. खाली लिहिले आहे: जेवणाचं काही करू नकोस, डबा आई देणार आहेत.

ही दुसरी आई म्हणजे विहीणबाई.

बुधवार. म्हणजे आठवड्याचा बरोबर मधला दिवस. सगळा आठवडा त्याच्यावर तोललेला असतो. लेकीने विचारपूर्वक ठरवले आहे.

यांना मेसेज दाखवला. हे उठले आणि त्या खोलीतले टेबल डावीकडे सरकवून आले. म्हणाले, इथे उजेड चांगला येतो. मला ते आधीच माहीत होते. फ्रिजवरचा तक्ता काढला.

बुधवार, १२ मार्च

भिंगरी आली. हात मनगटापर्यंत धुतले. छताकडे बघितले. छताला कोळिष्टक आहे, नंतर काढायचे.

डबा उघडला. पांढऱ्या कागदात गुंडाळलेला रॅप, खालचे टोक पिळून आत खोचलेले. पोरगी वरून कागद सोलत गेली आणि खात गेली. खाली एक थेंब पडला नाही. कोरा कागद होता.

खाता खाता म्हणाली, आजी, ती बारावी सापडली का गं?

म्हटले, सापडली.

कुठे?

मोजणीच्या बाबतीत मी आजवर खोटे बोललेले नाही. सांगितले.

आधी तिने माझ्या अंबाड्याकडे बघितले. मग अशी हसली, अशी हसली, की खुर्चीवरून घसरून खाली बसली आणि तोंडातला घास फरशीवर पडला. तो मी लगेच उचलला नाही. थोड्या वेळाने उचलला. मग म्हणाली, आजी, मागे वळ ना, कुठे खोचली होतीस ते दाखव. दाखवले. तिने डब्यातला चमचा तिथे खोचून पाहिला. नवीन उशीवर आडवी होऊन पुन्हा हसली आणि हसता हसता तिथेच झोपली. बूट पायात.

हे कुणाला सांगायचे नाही, असे तिच्याकडून शपथेवर कबूल करून घेतले आहे. माझी नात आहे. शब्दाची पक्की.

संध्याकाळ. तिला लेक घेऊन गेली. थोड्याच वेळात विहीणबाईंचा फोन. आवाजात खरीखुरी काळजी. म्हणाल्या, अहो, आत्ताच कळलं. डोक्याला टोचली तर नाही ना?

त्यांना दोन गोष्टी सांगितल्या. एक, टोचली नाही. दोन, मोजणी बरोबर होती.

मग त्या कागद केवढा घेतात आणि पीळ कोणत्या बाजूने देतात, ते विचारून घेतले.